नॉन-स्टिक पॅन लवकर का जातो, आणि टिकणारा घ्यायचा तर नेमकं काय बघायचं

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज आता तिसऱ्यांदा फिरतोय, नॉन-स्टिकमधलं खाणं म्हणजे विष, आजच भांडी फेका. त्यात कोकणातल्या लोटे परशुरामच्या केमिकल कारखान्यात इटलीतल्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं आणल्याची बातमी आली, आणि आमची अर्धी बिल्डिंग खेड-चिपळूणकडची, त्यामुळे यावेळी लोकांनी मेसेज नुसता पुढे ढकलला नाही, खरंच घाबरले. समोरच्या काकू दोन पॅन हातात घेऊन दारात उभ्या, "हे ठेवू की टाकू तेवढं सांग गं."

मला विचारायचं कारण म्हणजे माझ्या माहेरचं दादरला भांड्यांचं दुकान होतं आणि कॉलेजात असताना रोज संध्याकाळी मी गल्ल्यावर बसायचे. "सहा महिन्यांत गेला हो" म्हणत लोक पॅन परत आणायचे, बाबा तो उजेडात धरायचे आणि पॅन कशाने गेलाय ते डागावरून सांगायचे. मधोमध तपकिरी गोल डाग म्हणजे मोठ्या बर्नरवर रिकामा तापवलाय, बारीक गोल-गोल रेषा म्हणजे तारेची घासणी, एकच लांब सरळ ओरखडा म्हणजे स्टीलचं उलथणं. कंपनी कुठली हे ते सगळ्यात शेवटी बघायचे. मी पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळ तिथेच आहे, कोटिंग हे चपलेच्या तळासारखं असतं, ते झिजणारच, पण कोणाचा तळ सहा महिन्यांत जातो आणि कोणाचा चार वर्षं चालतो, आणि त्यात नशिबाचा भाग फार थोडा असतो.

आधी कारखाना आणि पॅन वेगळे करू

नॉन-स्टिकचा काळा थर बहुतेक वेळा पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचा असतो. टेफ्लॉन हे त्याचंच एक ब्रँडनेम. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट हा केमिस्ट फ्रिजमध्ये वापरायच्या गॅसवर काम करत होता, एका सिलिंडरमधून गॅस येईना, सिलिंडर कापून बघितला तर आत पांढरी मेणचट पावडर. तीच पीटीएफई. स्वयंपाकघरात ती आली १९५४ च्या सुमारास फ्रान्समधून, मार्क ग्रेगोआर नावाचा इंजिनियर मासेमारीच्या सामानासाठी ती वापरत होता आणि त्याची बायको कोलेत त्याला म्हणाली की हेच माझ्या पॅनला लावून दे. आपल्याकडे साठच्या दशकाच्या शेवटी औरंगाबादहून निर्लेप आलं आणि ते नाव इतकं रुळलं की माझी आजी अजून कुठल्याही कंपनीच्या नॉन-स्टिकला निर्लेपच म्हणते.

आता भीती कशाची आहे ते बघू. पीफास ही हजारो रसायनांची एक मोठी खानदान आहे, कार्बन आणि फ्लोरिन यांची घट्ट जोडी असलेली. ही जोडी इतकी घट्ट की निसर्गात ती लवकर तुटत नाही, म्हणून त्यांना कायमची रसायनं म्हणतात. पीटीएफई या खानदानातलंच, पण बातम्यांमधला मोठा खलनायक दुसरा, पीएफओए. पीटीएफई बनवताना कारखान्यात ते साबणासारखं वापरलं जायचं. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती सुटावी म्हणून साच्याला आतून जे लावतात तसं समजा, मूर्ती निघते, घरी येते, तिच्यावर त्याचा अंश जेमतेम उरतो, पण कारखान्याच्या गटारातून मात्र ते वर्षानुवर्षं वाहत राहतं.

आणि झालं तसंच. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामधल्या पार्कर्सबर्गच्या आसपास लोकांच्या पिण्याच्या पाण्यात पीएफओए उतरलं, हजारो केसेस झाल्या आणि २०१७ मध्ये साधारण ३,५५० केसेस मिळून ६७ कोटी डॉलर भरपाईवर मिटल्या. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. इटलीत विचेंझाजवळच्या मितेनी कारखान्याने असंच पाणी खराब केलं, २०१८ मध्ये तो दिवाळखोरीत गेला, २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या ११ जणांना कोर्टाने शिक्षा ठोठावली, आणि त्याच कारखान्याची यंत्रं विकत घेऊन आपल्या लोट्याला आणली गेली, म्हणून कोकणात आज काळजी आहे. ती काळजी अगदी योग्य आहे. वाशिष्ठी नदीच्या काठावरच्या माणसाने पाण्याच्या तपासणीचे आकडे मागायलाच हवेत. फक्त तो प्रश्न पाण्याचा आणि कारखान्याचा आहे, काकूंच्या ओट्यावरच्या पॅनचा प्रश्न वेगळा आहे आणि दोन्ही एकाच मेसेजमध्ये कालवले की कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

मग अमेरिकेत बंदी का घातली?

मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीफास घातलेली स्वयंपाकाची भांडी विकायला बंदी केली, हे खरं आहे. पण ती बंदी फक्त भांड्यांवर नाही, कार्पेट, कॉस्मेटिक्स, लहान मुलांच्या वस्तू असं बरंच काही त्यात येतं, आणि मागचा विचार असा की वस्तू बनताना आणि कचऱ्यात गेल्यावर ही रसायनं पाण्यात-मातीत जातात, तर जिथे त्यांच्यावाचून चालतं तिथे वापरूच नका. मला हा विचार पटतो. आणि म्हणूनच पॅन टिकवणं मला महत्त्वाचं वाटतं, दर वर्षी एक पॅन फेकणाऱ्या घरापेक्षा चार वर्षं एकच वापरणाऱ्या घरामागे हा कचरा सरळ पाव होतो.

पीएफओए-फ्री या स्टिकरचं पण इथेच सांगते. कोटिंग बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत पीएफओए बंद केलं. त्यामुळे आज ते स्टिकर बघून दोन चांगल्या पॅनमधून एक निवडता येत नाही, आणि त्या स्टिकरचा अर्थ पीटीएफई नाही असाही होत नाही, आतला थर बहुधा तोच असतो.

कोटिंगचा तुकडा पोटात गेला तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. पीटीएफईचा तयार थर कशाशीच पटकन रिॲक्ट होत नाही, पोटातल्या ॲसिडशीही नाही. जर्मनीची बीएफआर ही अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था सांगते की गिळलेले कण न पचता जसेच्या तसे बाहेर पडतात. याच पदार्थाचा एक प्रकार ऑपरेशनमध्ये कृत्रिम रक्तवाहिनी म्हणून शरीरात बसवतात. म्हणजे ऑम्लेटमध्ये एक काळा कण दिसला म्हणून रात्र जागून काढू नका. तरी ज्याचे पापुद्रे निघतायत तो पॅन ठेवू नका, त्याचं काम संपलेलं असतं.

खरी गोष्ट उष्णतेची आहे

आपण ओरखड्याला घाबरतो, पण कोटिंगला मारते ती उष्णता, ओरखडे नंतर येतात. साधारण २६० अंश सेल्सियसच्या वर पीटीएफई खराब व्हायला लागतं, ३२७ ला वितळतं, आणि ३५० च्या पुढे त्याचं भराभर विघटन होऊन विषारी वाफा सुटतात. त्या वाफांनी माणसाला ताप, अंगदुखी, छातीत आवळल्यासारखं होऊ शकतं, फ्लूसारखं, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतं. पक्ष्यांना मात्र तेवढी सवड मिळत नाही. घरात लव्हबर्ड्स किंवा पोपट असेल आणि वन-रूम-किचनमध्ये पिंजरा ओट्याच्या जवळ टांगलेला असेल तर नॉन-स्टिक वापरूच नका, कारण एकदा जरी पॅन गॅसवर विसरला तरी ते पक्षी मरू शकतात. हे मी काकूंना सगळ्यात आधी सांगितलं, त्यांच्याकडे दोन पक्षी आहेत.

आता इथे एक गोंधळ होतो. २०२४ च्या मे महिन्यात आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराबद्दल सूचना काढल्या, त्यात नॉन-स्टिक १७० अंशांच्या वर तापवू नका असं आलं, आणि लोक विचारतात की १७० खरं की २६०? स्टेशनवरची पिवळी पट्टी डोळ्यासमोर आणा. गाडी पट्टीवरून जात नाही, ती त्याच्या बरीच पुढे, रुळावरून जाते, तरी आपल्याला पट्टीच्या मागे उभं राहायला सांगतात. १७० ही पट्टी आहे असं मी धरते.

पण घरात थर्मामीटर कोणाकडे असतो? तुमचं तेल आणि पाणी हेच थर्मामीटर. भाजीत पाणी आहे तोवर पॅन शंभराच्या आसपासच रेंगाळतो. रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण २३० ला धुरायला लागतं, म्हणजे पॅनमधून धूर निघाला की समजायचं पट्टी कधीच ओलांडली, गॅस बंद. आणि रिकाम्या पॅनला काहीच थर्मामीटर नसतो, पातळ पॅन मोठ्या बर्नरवर फुल गॅसला ठेवून कांदा चिरायला वळलात तर पाच मिनिटंही लागत नाहीत २६० गाठायला. म्हणून आधी एक चमचा तेल पॅनमध्ये, मग गॅस पेटवायचा, आणि आच मध्यम.

आता आपल्या घरातलं बघा. चपाती, भाकरी, पापड भाजणं ही सगळी कोरडी कामं, तवा रिकामा कडक तापतो आणि दोन चपात्यांच्या मधे तसाच तापत राहतो. लोकांच्या घरी नॉन-स्टिक तवा सहा महिन्यांत जायचं हे सगळ्यात मोठं कारण, बाबांच्या दुकानात परत आलेल्या दहा तव्यांत सात-आठ चपातीचे असायचे. चपाती मुळात चिकटतच नाही हो, तिला नॉन-स्टिक कशाला. फोडणीचंही तसंच, मोहरी तडतडायला कडक तेल लागतं, ती लोखंडी किंवा स्टीलच्या पळीत करून वरून ओता. नॉन-स्टिक राखून ठेवायचा तो घावन, आंबोळी, धिरडं, ऑम्लेट आणि रवा लावलेले बोंबील यांच्यासाठी, बोंबील तर इतके नाजूक की पाण्याचा गोळाच, चिकटले की कालथ्यावर नुसता रवा येतो.

कशालाच न चिकटणारं कोटिंग पॅनला कसं चिकटतं?

लहानपणी टाकीवाली बाई दारावर यायची आठवतंय? पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की मसाला वाटला जायचा नाही, मग ती छिन्नीने टाकी लावून पाटा परत खडबडीत करायची. पॅनचं अगदी तसंच करतात. ॲल्युमिनियमवर वाळूसारख्या कणांचा मारा करून त्याला बारीक बारीक खड्डे पाडतात, त्यात पहिला थर बसतो, त्याला प्रायमर म्हणू, तो खड्ड्यांत रुतून धरून राहतो, आणि त्यावर मधला नि वरचा थर भाजून बसवतात. पावसाळ्याआधी बिल्डिंग रंगवताना घासकाम आणि प्रायमर नीट केलं तर रंग टिकतो, नाहीतर दुसऱ्या पावसात पोपडे. इथेही टिकाऊपणा खालच्या थरात आहे आणि खालचा थर दुकानात दिसत नाही, हीच अडचण.

पण काही खुणा दिसतात. स्वस्त पॅनमध्ये ॲल्युमिनियमच्या सपाट पत्र्यावर रोलरने कोटिंग लावतात, पेपर छापतात तसं, आणि मग तो पत्रा दाबून पॅनचा आकार देतात, त्यामुळे वळणावर कोटिंग ताणलं जातं. चांगल्या पॅनमध्ये आधी आकार, मग फवारून कोटिंग. बोटाने काठ बघा, कापलेला उघडा चंदेरी काठ आणि पॅन हाताला पत्र्यासारखा हलका, अशी जोडी दिसली तर बहुतेक रोलरवाला. महिना-दोन महिने भाड्याच्या खोलीत काढायचे असतील तर ठीक, घरासाठी नको.

दुकानात उभं राहून काय बघायचं

वजन. मुंबईत लोहार चाळीच्या बाजारात जा नाहीतर ऑनलाइन घ्या, पहिला प्रश्न जाडी किती. तीन मिलिमीटर किंवा जास्त हवी, अडीचच्या खाली मी जात नाही. जाड तळ उष्णता सगळीकडे सारखी पसरवतो, पातळ तळात ज्वाळेच्या वरचा भाग भट्टीसारखा आणि कडा कोमट, आणि मग बरोबर मधोमध तो तपकिरी गोल डाग. ॲल्युमिनियम उष्णता स्टीलपेक्षा साधारण पंधरापट चांगली वाहून नेतं, म्हणून नॉन-स्टिकचं अंग बहुधा त्याचंच असतं. हार्ड ॲनोडाइज्ड म्हणजे त्याच ॲल्युमिनियमचा वरचा पापुद्रा विजेच्या प्रक्रियेने कडक केलेला, भांडं जास्त दणकट होतं, वाकत नाही, पण ते आपोआप नॉन-स्टिक होत नाही, वर कोटिंग वेगळं लागतं. पैसे जास्त द्यायचेच असतील तर मी तिथे देईन, कोटिंगच्या नावाला नाही.

काउंटरच्या काचेवर पॅन ठेवून कडेला बोट दाबा, डुगडुगला तर नको. इंडक्शन असेल तर खिशात फ्रिजवरचं एक चुंबक घेऊन जा, नुसत्या ॲल्युमिनियमला ते लागत नाही, तळाला स्टीलची चकती हवी आणि ती पूर्ण तळभर हवी. हँडल स्क्रूचं असेल तर सैल झाल्यावर आवळता येतं, बदलता येतं, रिव्हेटचं घट्ट असतं पण रिव्हेटच्या डोक्याभोवती आतून तेल साचतं, मला स्क्रूचं बरं वाटतं. साइज चौघांच्या घराला २४ सेंटीमीटर पुरतो, आणि तुमच्या बर्नरची ज्वाळा तळाच्या बाहेर येत नाही ना ते बघा, बाजूंनी वर चढणारी ज्वाळा कोटिंगच्या कडा आधी जाळते.

ग्रॅनाइट, मार्बल, डायमंड ही नावं वाचून हुरळू नका. ग्रॅनाइट फिनिश म्हणजे बहुतेक वेळा तेच पीटीएफई, वर ठिपक्यांची नक्षी. डायमंड किंवा टायटॅनियमवाल्यात कडक कण खरंच मिसळलेले असतील तर घासणीला ते थोडे जास्त पुरतात, पण उष्णतेला त्यांचा उपयोग नाही.

सिरॅमिक का नको?

नको असं नाही. सिरॅमिक म्हणून जे विकतात ते बरणीसारखं चिनीमातीचं नसतं, वाळूत असते त्याच सिलिकाचा पातळ थर भाजून चढवलेला असतो. त्यात पीटीएफई नाही, जास्त उष्णता सोसतं, विसरून तापला तरी तशा वाफा नाहीत, म्हणून पक्षी असलेल्या घराला मी तेच सांगते. पण त्याचा निसरडेपणा लवकर जातो, रोजच्या वापरात वर्ष-दीड वर्षात घावन धरायला लागतं, पीटीएफईचा नीट वापरलेला पॅन तीन-चार वर्षं जातो. भांडं खराब होत नाही, फक्त नॉन-स्टिक राहत नाही.

मग सरळ लोखंडी किंवा बिडाचा तवाच का नाही?

माझ्या मते घरात दोन्ही हवेत. बिडाचा तवा मुरला की आंबोळी त्यावर अशी सुटते की बघत राहावं, आणि तो नातवंडांपर्यंत जातो. तेलाचा पातळ हात, गरम करणं, परत तेल, असं होत होत तेलाचाच एक कडक काळा थर तयार होतो, आणि तो गेला तर परत आणता येतो, ही गोष्ट कुठल्याच विकतच्या कोटिंगला जमत नाही. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, आजीची पद्धत, अजूनही तीच. पण तो जड असतो, मनगट दुखणाऱ्या बाईला झेपत नाही, टोमॅटो-चिंच-कोकम त्यात शिजवलं तर थर उतरतो, आणि ओला ठेवला तर मुंबईच्या जुलैत एका रात्रीत गंजतो. सत्तरीच्या काकूंना मी बीड घ्या असं सांगणार नाही. चपाती-भाकरीला साधा लोखंडी तवा, आणि नाजूक कामाला एक छोटा जाड नॉन-स्टिक पॅन, त्यांना मी हेच सांगितलं. पाच पीसचा सेट ऑफरमध्ये मिळतोय म्हणून घेऊ नका, त्याच पैशांत एक चांगला येतो.

सिंकमध्ये पॅनचं काय होतं

गरम पॅन थंड नळाखाली धरणं, ती चर्र आवाजाची हौस, ही बंद करा. तापल्यावर पीटीएफई ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट जास्त फुगतं, एकदम गार केलं की दोघं वेगवेगळ्या वेगाने आक्रसतात आणि मधला जोड सुटायला लागतो, तळ पण वाकतो. दहा मिनिटं ओट्यावर राहू दे.

तारेची घासणी वाईटच, पण मावशींना दोष देऊ नका, त्यांना चार घरची भांडी तासाभरात उरकायची असतात, कोण वेगळी घासणी शोधत बसेल. तो एक पॅन आपणच स्पंजने धुवायचा, मिनिटभराचं काम. पॅन स्वच्छ दिसतोय तरी चिकटायला लागला असेल तर बरेचदा कोटिंग गेलेलं नसतं, तेलाचा चिकट पिवळसर पापुद्रा बसलेला असतो, खासकरून स्प्रेच्या तेलाने. त्यात पाणी आणि एक चमचा खायचा सोडा घालून मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा, निवल्यावर स्पंजने पुसा, किती तरी पॅन यानेच परत कामाला लागतात. काकूंच्या दोनपैकी एक असाच वाचला. ट्रॉलीत एकावर एक ठेवताना मधे जुन्या सुती साडीचा तुकडा, आणि उलथणं लाकडी.

टाकायची वेळ

पापुद्रे निघतात, खालचं चंदेरी दिसतं, किंवा तळ वाकून तेल एका बाजूला पळतं, तेव्हा टाका. काकूंचा दुसरा पॅन तसाच होता. त्या म्हणाल्या, कोटिंग गॅसवर जाळून काढते आणि आतलं ॲल्युमिनियम पाणी तापवायला वापरते. असं कधीच करू नका, ज्या वाफांबद्दल वर सांगितलं त्या मुद्दाम घरात काढण्यासारखं आहे ते. आम्ही हँडलचा स्क्रू काढला, बॅकेलाइटचं हँडल त्यांनी सुट्या स्क्रूच्या डब्यात ठेवून दिलं आणि पॅन भंगारवाल्याला दिला, ॲल्युमिनियमच्या भावाने. पिंजरा त्याच संध्याकाळी ओट्याजवळून बाहेरच्या खोलीच्या खिडकीत गेला, आणि उरलेल्या पॅनचं काय करायचं हे त्या पक्षी बघून ठरवणार आहेत, मी त्यांना सिरॅमिकचा घ्या म्हणून मागे लागलेय.